दूरचित्रवाणी संचाचा वीजपुरवठा : बिघाड, तपासणी आणि दुरुस्ती

वसंत ऋतूत व्याख्याने भरविण्याचा परिपाठ न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यात घालून दिला. तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या व्याख्यानमालांतून इतिहास, साहित्य, राजकारण, अर्थकारण, अध्यात्म असे नाना विषय लोकांपुढे आले. त्या मानाच्या पंक्तीत बंद पडलेल्या टीव्हीच्या दुरुस्तीलाही एक पाट मांडावा, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु लोकशिक्षण ह्या शब्दाचा अर्थ सरळ घेतला, तर जी वस्तू आपण रोज संध्याकाळी चार-पाच तास वापरतो, तिच्याविषयीचे अज्ञान घालविणे हेही लोकशिक्षणातच मोडते. शिवाय ह्या अज्ञानाची किंमत आपण रोख पैशांत मोजतो. क्वचित प्राणांनीही मोजतो. म्हणून हा विषय मी बुद्ध्याच निवडला आहे.

मी विद्युतशास्त्राचा पदवीधर नाही. कामगार संघटनेच्या कामात आयुष्याची उमेद गेली. कारखान्याच्या दारात उभे राहून यंत्रांची, मोटारींची आणि फ्यूजची पहिली ओळख कामगार बंधूंनी करून दिली; उरलेले ज्ञान पुस्तकांतून आणि कारागिरांच्या शेजारी बसून जमविले. तेव्हा पुढील विवेचनात पंडिताची भाषा आढळणार नाही. काय करावे, काय करू नये, आणि ते का, एवढेच मी सांगणार आहे.

आपल्या भागाची अडचण

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, आणि मोखाड्याकडे जावे तसा मुलूख अधिकच डोंगराळ होत जातो. आजच्या पालघर जिल्ह्यात तारापूरला १९६९ सालापासून अणुशक्तीवर वीज तयार होते. पण वीज जवळ तयार होते म्हणून ती जवळच्या घरी चांगली पोचते, असे नाही. पाड्यावरचे घर डीपीपासून लांब असते. तारा झाडीतून जातात. जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला की फांद्या तारांवर पडतात. लाईट जाते, येते, पुन्हा जाते. ह्या येण्याजाण्यात घरातील सर्वांत नाजूक वस्तू म्हणजे टीव्ही आणि डिशचा बॉक्स ह्यांना धक्के बसतात.

टीव्ही बंद पडला म्हणजे पुढची यातायात सर्वांच्या परिचयाची आहे. गावात कारागीर मिळाला नाही, तर संच चादरीत गुंडाळून एस.टी.ने न्यावयाचा. जव्हारहून पालघर असो की नाशिक असो, अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर पडते. एक दिवसाची मजुरी जाण्यात, दुसऱ्या दिवसाची आणण्यात. त्यातून दुकानदाराने ‘बोर्ड गेला, नवा टाकावा लागेल’ असे सांगितले, की मान डोलविण्यापलीकडे आपल्या हाती काही राहत नाही. तो खरे सांगतो की खोटे, हे कळण्याचे साधनच आपल्यापाशी नसते. पुष्कळ संच तर तिथूनच भंगारात जातात.

वस्तुतः टीव्ही ‘मेला’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा त्याचा पडदा किंवा त्याचा मेंदू मेलेला नसतो. त्याला अन्न पोचविणारा भाग, म्हणजे वीजपुरवठ्याचा बोर्ड, आजारी पडलेला असतो. आणि त्या बोर्डावरचा जो भाग बिघडतो तो कित्येकदा दहा-वीस रुपयांचा असतो. हे एक वाक्य जरी आज श्रोत्यांनी घरी नेले, तरी माझे काम बरेचसे झाले.

वीज संचात शिरल्यावर काय होते

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. देशात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. त्या काळचे संच फुगीर काचेच्या नळीचे असत. आज बहुतेक घरी चपटे संच आहेत. प्रक्षेपण बदलले, पडदा बदलला, पण एक गोष्ट तीच राहिली : भिंतीतून येणारी वीज टीव्हीला जशीच्या तशी चालत नाही.

घरातील वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदाला ५० वेळा झोके घेते. टीव्हीच्या आतल्या भागांना मात्र न हेलकावणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते, आणि तीही फार कमी दाबाची : कुठे ५ व्होल्ट, कुठे १२, कुठे २४. पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्यांना वेगळा दाब लागतो. हे रूपांतर करणे हेच पॉवर सप्लायचे काम.

जुन्या रेडिओत ह्यासाठी लोखंडी पत्र्यांचा जड ट्रान्स्फॉर्मर असे. आता पद्धत बदलली आहे. बाहेरून आलेली वीज प्रथम फ्यूजमधून जाते. फ्यूजच्या शेजारी बहुधा निळ्या किंवा पिवळ्या चकतीसारखा एक भाग असतो. त्याला व्हॅरिस्टर म्हणतात. दाब एकाएकी फार वाढला तर तो स्वतः वाट मोकळी करून देतो, त्यामुळे फ्यूज उडतो आणि पुढचा संच वाचतो. त्यानंतर चार डायोड झोके घेणाऱ्या विजेला एका दिशेला लावतात, आणि एक मोठा नळकांडीसारखा कॅपॅसिटर (जुने कारागीर ह्याला कंडेन्सर म्हणतात) ती साठवून सपाट करतो. ध्यानात ठेवावे की ह्या ठिकाणी दाब २३० राहत नाही. झोक्याच्या शिखराइतका, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मोठ्या संचांत तो मुद्दाम चढवून ३८० ते ४०० पर्यंत नेलेला असतो.

पुढे एक ट्रान्झिस्टर हा दाब सेकंदाला हजारो वेळा, साधारणतः पन्नास हजार ते एक लाख वेळा, चालू-बंद करतो. इतक्या जलद झोक्यांना लहानसा ट्रान्स्फॉर्मर पुरतो. म्हणूनच आजचे संच हलके आहेत. ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडे कमी दाबाची वीज मिळते. ती पुन्हा डायोडमधून आणि लहान कॅपॅसिटरांमधून गाळून घेतली, की टीव्हीला चालते. पलीकडे दाब कमी-जास्त झाला, तर त्याची वर्दी अलीकडे द्यावी लागते. ती वर्दी तारेने देत नाहीत, कारण तार जोडली तर घातक वीज पलीकडे येईल. म्हणून एका चिमुकल्या काळ्या वडीत दिवा आणि त्याला पाहणारा डोळा बसविलेला असतो, आणि निरोप प्रकाशाने जातो. ह्याला ऑप्टोकपलर म्हणतात.

ह्यामुळे बोर्डाचे दोन मुलूख पडतात. फ्यूजपासून ट्रान्स्फॉर्मरपर्यंतच्या भागाला कारागीर ‘गरम बाजू’ म्हणतात. पलीकडच्या भागाला ‘थंड बाजू’. बहुतेक बोर्डांवर ह्या दोहोंमध्ये रेघ आखलेली असते किंवा रिकामी पट्टी सोडलेली असते. पुढे जे काही सांगावयाचे आहे, ते ह्या सीमेवर अवलंबून आहे.

तीन उंबरठे

घरच्या दुरुस्तीला मी तीन उंबरठे मानतो. पहिला संचाच्या बाहेरचा. तिथे घरातील कोणीही जाणता माणूस, स्त्री असो वा पुरुष, काम करू शकतो. दुसरा म्हणजे प्लग काढलेला, साठलेली वीज उतरविलेली, असा उघडा संच. तिथे ज्याने मीटर आणि डाखणी हाताळली आहे त्यानेच जावे. तिसरा म्हणजे उघडा आणि चालू संच. तिथे शिकलेल्या कारागिराखेरीज कोणीही जाऊ नये. धाडसाला इथे वाव नाही. आपण कोणत्या उंबरठ्याशी थांबावयाचे, हे प्रत्येकाने आधीच ठरवून ठेवावे.

पहिला उंबरठा : बाहेरची तपासणी

तपासणीचा क्रम भिंतीकडून संचाकडे जावा. टीव्ही ज्या सॉकेटमध्ये आहे तिथे चालू स्थितीतला मोबाईलचा चार्जर किंवा टेबल-दिवा लावून पाहावा. तो चालला नाही तर दोष टीव्हीचा नाहीच. चालला तर प्लगच्या पिना पाहाव्यात. काळ्या पडल्या असतील तर सॉकेट सैल आहे असे समजावे. सैल सॉकेटमध्ये ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्या संचाला मारतात. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून टीव्ही सरळ भिंतीला लावून पाहावा. वायर उंदराने कुरतडली आहे का, ते टोकापासून टोकापर्यंत पाहावे. भाताची कापणी आटोपल्यावर कामासाठी भिवंडी-वसईकडे जाऊन शिमग्याला किंवा पावसाच्या तोंडावर परतणाऱ्या कुटुंबांनी तर हे आधी करावे, आणि मगच प्लग लावावा. बंद घरात उंदीर, मुंग्या आणि पाली ह्यांचेच राज्य असते.

मग पडद्याकडे पाहावे. पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशा अर्थाची अक्षरे दिसत असतील, तर टीव्हीचा वीजपुरवठा उत्तम चालू आहे. दोष डिशमध्ये, तिच्या केबलमध्ये, किंवा बॉक्समध्ये आहे. ह्या एका चुकीच्या समजुतीने धडधाकट टीव्ही दुकानापर्यंत वाहून नेलेले मी पाहिले आहेत. डिशच्या बॉक्सला बहुधा १२ व्होल्टचा लहान ॲडॉप्टर असतो, आणि तो टीव्हीपेक्षा आधी बिघडतो.

कित्येक लहान टीव्हींनाही असाच बाहेरचा ॲडॉप्टर असतो. ही ग्राहकाच्या सोयीची गोष्ट आहे. कारण ॲडॉप्टरच्या टोकाशी कमी दाबाची वीज असते, आणि साध्या मीटरने ती तपासता येते. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले असून मीटर शून्य किंवा पाच-सहा दाखवीत असेल, तर रोगी सापडला. मात्र मीटर बरोबर आकडा दाखवीत असला तरी ॲडॉप्टर निर्दोष आहे असे लगेच म्हणता येत नाही. ओझे पडले की दाब कोसळतो, असेही होते. तेव्हा शक्य तर दुसरा तसाच ॲडॉप्टर लावून खात्री करावी. नवा घेताना तीन गोष्टी जुळवाव्यात : व्होल्ट तंतोतंत तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा अधिक, आणि पिनेच्या आत-बाहेरची अधिक-उणे खूण तीच. ह्यांपैकी एक चुकले तरी शंभर-दोनशे रुपयांच्या वस्तूपायी टीव्ही गमवावा लागेल.

लक्षणांवरून निदान

बाहेर दोष सापडला नाही, तर लक्षणे नीट पाहून ठेवावीत. वैद्याला ताप कधी चढतो हे सांगावे लागते, तसेच कारागिरालाही सांगावे लागते.

संच अगदी निपचित आहे, लाल दिवासुद्धा लागत नाही : दोष बहुधा गरम बाजूला आहे. फ्यूज उडाला असेल, किंवा स्टँडबायची वीज करणारा भाग बंद पडला असेल.

लाल दिवा लागतो, पण संच सुरू होत नाही. किंवा दहा वेळा बटण दाबल्यावर सुरू होतो. किंवा सकाळी थंड असताना अडतो आणि मग चालतो : हे थंड बाजूच्या कॅपॅसिटरांचे नेहमीचे लक्षण आहे. संच आतून ‘टक्‌-टक्‌’ असा आवाज करीत सुरू होण्याचा प्रयत्न करीत असेल, तरी पहिला संशय तिथेच घ्यावा.

दिवा ठराविक संख्येने लुकलुकतो आणि संच बंद होतो : संचाने स्वतःला वाचविण्यासाठी टाळे लावले आहे. पुढे कुठे तरी शॉर्ट आहे, किंवा पडद्यामागच्या दिव्यांची पट्टी तुटली आहे. किती वेळा लुकलुकतो ते मोजून कागदावर लिहून ठेवावे; कारागिराला त्याचा उपयोग होतो.

आवाज येतो, चित्र नाही : खोली अंधारी करून पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी. अंधुक चित्र हलताना दिसले, तर पडद्यामागचे दिवे किंवा त्यांना वीज देणारा भाग गेला आहे. पडदा शाबूत आहे. ‘पडदाच गेला’ असे कोणी सांगितले, तर ही परीक्षा त्याच्यासमक्ष करून दाखवावी.

जळका वास, धूर किंवा चरचर : प्लग ताबडतोब ओढावा आणि पुन्हा लावून पाहू नये. ‘एकदा बघू या’ ह्या तीन शब्दांनी पुष्कळ नुकसान केले आहे.

दुसरा उंबरठा : उघडलेला संच

हमीची मुदत चालू असेल तर संच उघडू नये. जुना, फुगीर काचेच्या नळीचा संच तर कधीच उघडू नये; त्या नळीवर वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

चपटा संच उघडताना केवळ बटण बंद करणे पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसविलेले असते; मग बटण बंद असूनही वीज आत उभीच असते. म्हणून प्लग भिंतीतून काढून आपल्या डोळ्यांसमोर ठेवावा. ओल्या जमिनीवर बसू नये. कोरड्या लाकडी पाटावर किंवा बाकावर बसावे, पायात रबरी चप्पल असावी. घरी एकटे असताना हे काम करू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. प्लग काढला तरी तो मोठा कॅपॅसिटर ३०० ते ४०० व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. चांगल्या बोर्डात तो आपोआप रिता होण्याची सोय असते. पण बिघडलेल्या बोर्डात तीच सोय बिघडलेली असण्याचा संभव असतो. म्हणून पाच-दहा मिनिटे थांबावे, मग मीटर १००० व्होल्ट डी.सी.वर ठेवून त्याच्या दोन टोकांतला दाब मोजावा. दाब शिल्लक असेल, तर तारेच्या जुन्या पद्धतीच्या २३० व्होल्टच्या दिव्याची दोन टोके, इन्सुलेशन असलेल्या वायरींनी, त्याला टेकवावी. दिवा क्षणभर लकाकतो आणि साठा उतरतो. पुन्हा मोजावे. शून्याजवळ आल्याखेरीज बोट लावू नये. पेचकस आडवा टेकवून साठा उतरविण्याची सवय काहींना असते. त्याने ठिणगी उडून भाग जळतो आणि डोळ्यालाही इजा होते.

मग नुसते पाहावे. पुष्कळसे निदान डोळ्यांनीच होते. कॅपॅसिटरचे डोके सपाट असावयास हवे. ते पुरीसारखे फुगले असेल, किंवा बुडाशी तपकिरी द्रव वाळलेला दिसला, तर तो गेला आहे. न फुगताही कॅपॅसिटर निकामी होतो, हेही ध्यानात ठेवावे. पाल किंवा मुंग्या जळून चिकटल्या असतील तर मऊ, कोरड्या ब्रशाने काढाव्यात. जड भागांच्या पायांशी डाख भेगाळला आहे का, तेही पाहावे.

फ्यूज काचेचा असेल तर त्याची काच बोलते. काच स्वच्छ आणि आतली तार फक्त तुटलेली असेल, तर वयोमान किंवा लहानसा धक्का हे कारण असू शकते. त्याच मापाचा एक नवा फ्यूज घालून पाहता येतो. काच काळी किंवा चांदीसारखी माखलेली असेल, तर पुढे मोठा शॉर्ट आहे. नवा फ्यूज घातला तर तोही क्षणात उडेल. तिथे थांबावे आणि संच कारागिराकडे द्यावा.

फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळून बसविणे हा मात्र अपराध समजावा. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना कुंपण घालणे मालकावर बंधनकारक केले. काम जलद व्हावे म्हणून ते कुंपण काढून ठेवल्यामुळे ज्यांची बोटे गेली, असे कामगार माझ्या परिचयाचे आहेत. फ्यूज हे घरातले तसेच कुंपण आहे. ते काढले की बिघाड थांबत नाही. तो वायरपर्यंत, आणि कुडाच्या घरात भिंतीपर्यंत आग घेऊन जातो.

कॅपॅसिटर बदलताना त्याच्यावरचे तीन आकडे वाचावेत. मायक्रोफॅरड तेवढेच असावेत. व्होल्ट तेवढे किंवा जास्त चालतील, कमी कदापि नाही. तापमान १०५ अंशांचे घ्यावे, ८५ चे स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. अंगावर पट्टी असलेला पाय उणे असतो. तो उलटा बसला तर कॅपॅसिटर फुटतो. एक फुगला असेल तर त्याच्या ओळीतले त्याच वयाचे इतरही बदलावेत. हे काम प्रथम शिकाऊ म्हणून कोणाच्या देखरेखीखाली करावे. जुन्या भंगार बोर्डावर पंचवीस वेळा डाख सोडवून-लावून हात बसवावा, आणि मगच चांगल्या बोर्डाला हात लावावा.

तिसरा उंबरठा : कारागिराचे क्षेत्र

इथून पुढचे काम कारागिराचे; पण तो काय करतो हे आपल्याला कळावे. चांगला कारागीर दुरुस्त केलेला संच सरळ विजेला लावीत नाही. तो शंभर वॅटचा तारेचा दिवा मधल्या वायरीत गुंफतो. ह्याला सिरीज दिवा म्हणतात. आत शॉर्ट शिल्लक असेल तर सारा दाब दिव्यावर पडून तो भगभगीत पेटून राहतो, आणि नव्या भागांना अपाय होत नाही. शॉर्ट नसेल तर दिवा क्षणभर चमकून मंदावतो. दहा-वीस रुपयांच्या दिव्याने हजारोंचे भाग वाचविण्याची ही युक्ती आहे. एल.ई.डी.चा दिवा ह्या कामी चालत नाही.

दुकानात संच देताना तीन गोष्टी नम्रपणे विचाराव्यात : कोणता भाग गेला होता? तो जाण्याचे कारण काय? आणि काढलेला भाग मला परत मिळेल का? प्रामाणिक कारागिराला ह्या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, समजणारे गिऱ्हाईक आले ह्याचा त्याला आनंदच होतो.

बिघाड होऊच नये म्हणून

कॅपॅसिटर मरतो तो प्रामुख्याने उष्णतेने. त्याच्यातील द्रव हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास चालणारा कॅपॅसिटर ८५ अंशांवर ८,००० तास आणि ६५ अंशांवर ३२,००० तास चालेल. रोज पाच तास टीव्ही चालतो असे धरले, तर पहिला हिशेब साडेचार वर्षांच्या आत संपतो, आणि दुसरा सतरा वर्षांच्या पुढे जातो. म्हणजे संचाला हवा मिळणे म्हणजेच त्याचे आयुष्य वाढणे. विणलेले झाकण चालू संचावर ठेवू नये, संच भिंतीला चिकटवू नये, चुलीच्या बाजूच्या भिंतीवर तर मुळीच टांगू नये.

कमी दाबाने टीव्ही जळतो, असा एक समज आहे. ज्या संचामागे १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, तो कमी दाबावरही चालतो. खरा शत्रू म्हणजे एकाएकी वाढणारा दाब. लाईट गेली की प्लग काढावा, आणि परत आल्यावर पाच मिनिटांनी लावावा. परत येताना बसणारा धक्का त्यामुळे चुकतो. काही दिवे एकाएकी भगभगू लागले आणि शेजारचे त्याच वेळी मंदावले, तर डीपीकडचा न्यूट्रल सुटला आहे असे समजावे. अशा वेळी घरातील दाब ३००-४०० व्होल्टपर्यंत चढू शकतो. मेन स्विच ताबडतोब बंद करून वायरमनला कळवावे. खांबावर स्वतः चढू नये.

स्पाइक गार्डचा पुरेपूर उपयोग घरचे अर्थिंग ठीक असेल तरच होतो. आपल्या कातळाच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो. त्यात अधूनमधून पाणी घालीत जावे. आणि वळवाच्या दिवसांत किंवा पाऊस परतताना आभाळ गडगडू लागले, की प्लग आणि डिशची केबल दोन्ही काढावीत. हे गडगडाट दूर असतानाच करावे. वीज डोक्यावर आल्यावर केबलला हात लावू नये. आकाशातल्या विजेला थोपवील असा फ्यूज कोणी केलेला नाही.

दुरुस्तीचा हक्क आणि श्रमाचे मोल

येथवर तंत्राचे झाले. आता न्यायाचे दोन शब्द. वस्तू आपण विकत घेतली, तर ती दुरुस्त करण्याची माहिती आणि सुटे भाग मिळणे हा आपला हक्क आहे, ही कल्पना आता जगभर रुजत आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून टीव्ही बनविणाऱ्यांवर असे बंधन घातले, की आतला वीजपुरवठा आणि ४०० मायक्रोफॅरडहून मोठे कॅपॅसिटर हे भाग दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना निदान सात वर्षे उपलब्ध ठेवावेत. कायदा करणाऱ्यांनी नेमके हेच भाग नावे घेऊन सांगितले, ह्यावरून बिघाड कुठे होतो ते दिसते. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. पाऊल योग्य आहे; परंतु मागणारा जागा असेल तरच हक्क कागदावरून घरी येतो, हा माझा चळवळीतला अनुभव आहे.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. दहा रुपयांच्या कॅपॅसिटरसाठी कारागिराने तीनशे रुपये घेतले, तर आपण ‘लुटले’ म्हणतो. दोनशे नव्वद रुपये त्या भागाचे नव्हेत. दोष कोणत्या भागात आहे हे ओळखण्याचे ते मोल आहे, आणि चालू बोर्डासमोर त्याने घेतलेल्या जोखमीचेही. आपल्या मजुरीत कपात झाली तर आपण संघटित होतो. मग दुसऱ्याच्या श्रमाची किंमत करताना हात आखडू नये. फसविणारा आणि शिकलेला ह्यांतला फरक ओळखता यावा, आणि शिकलेल्याला त्याचा दाम आनंदाने द्यावा, एवढ्यासाठीच आपल्याला हे ज्ञान हवे.

शेवटी एक सूचना. गावात जसे वाचनालय असते, तसा दुरुस्तीचा एक सामाईक संच असावा : एक चांगला मीटर, एक डाखणी, एक सिरीज दिवा, पेचकसांचा जुडगा आणि सरावासाठी दोन भंगार बोर्ड. एकट्याला जड जाणारा हा खर्च दहा घरांना किंवा एखाद्या बचत गटाला हलका आहे. आय.टी.आय.तून इलेक्ट्रॉनिक्स शिकून आलेल्या मुला-मुलींना गावातच दोन दिवस बसण्याची जागा आणि रास्त मजुरी दिली, तर संच एस.टी.च्या टपावर चढविण्याची वेळ पुष्कळदा येणार नाही, आणि शिकलेली मुले गावात टिकतील. जो बोर्ड खरोखरच निकामी झाला, तो चुलीत किंवा उकिरड्यावर जाळू नये. त्याच्या धुरात विष असते. तो ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्यावा.

भिंतीकडून संचाकडे क्रमाने जावे, लक्षण लिहून ठेवावे, साठलेल्या विजेला मान द्यावा, आणि आपल्या उंबरठ्याशी थांबावे. एवढे चार नियम पाळले तर पुष्कळ पैसे वाचतील, आणि जिवाला धोका राहणार नाही. एवढे सांगून मी माझे विवेचन संपवितो.